महिनाअखेरची विक्री अहवालातून गळते : ‘बिट्वीन’ आणि पल्ल्याच्या वरच्या टोकाचा घोळ

औषधांच्या एका वितरकाकडे विक्रीचे मासिक अहवाल काढणाऱ्या क्वेरींची (डेटाबेसला विचारायच्या प्रश्नांची) देखभाल माझ्याकडे आहे. जुलै २०२५ मध्ये तिथे बिलिंगचा नवा प्रोग्रॅम बसवला गेला आणि त्या महिन्याची एकूण विक्री हिशेबनिसांच्या खातेवहीपेक्षा कमी आली. ऑगस्टचा आकडा पैशापैशाने जुळला, त्यामुळे जुलैतला फरक नव्या प्रोग्रॅमच्या पहिल्या दिवसांतल्या गोंधळामुळे आला असावा, असे सर्वांनी गृहीत धरले. सप्टेंबरमध्ये पुन्हा तूट आली, ऑक्टोबरमध्येही आली आणि नोव्हेंबरचा आकडा पुन्हा तंतोतंत जुळला. अधूनमधून उद्भवणारा आणि आपोआप नाहीसा होणारा दोष शोधायला सर्वांत अवघड असतो, कारण तो जातो त्या महिन्यात कोणीच त्याच्याकडे पाहत नाही.

उलगडा भिंतीवरच्या कॅलेंडरमुळे झाला. ३१ ऑगस्ट २०२५ आणि ३० नोव्हेंबर २०२५ हे दोन्ही रविवार होते आणि रविवारी वितरकाचे बिलिंग बंद असते. ज्या महिन्यांचा शेवटचा दिवस कामाचा होता, त्याच महिन्यांत तूट येत होती आणि तुटीची रक्कम त्या शेवटच्या दिवसाच्या विक्रीइतकी होती. क्वेरी अशी होती (वाचनाच्या सोयीसाठी कीवर्ड, नावे आणि आकडे इथे देवनागरीत लिहिले आहेत, चालवताना ते अर्थातच रोमन लिपीत लिहावे लागतील) :

सिलेक्ट सम(रक्कम) फ्रॉम विक्री
व्हेअर बिल_वेळ बिट्वीन '२०२५-०९-०१' अँड '२०२५-०९-३०'

‘बिट्वीन’ दोन्ही टोके धरत नाही, असा पहिला संशय बहुतेकांना येतो आणि तो चुकीचा आहे. एसक्यूएलमध्ये, म्हणजे क्वेरी लिहिण्याच्या भाषेत, ‘क बिट्वीन अ अँड ब’ याचा अर्थ ‘क >= अ अँड क <= ब’ एवढाच होतो, म्हणजे दोन्ही टोके पल्ल्यात मोजली जातात. दोष ‘बिट्वीन’चा नसून रकान्याच्या डेटाटाइपचा, म्हणजे त्यात साठवल्या जाणाऱ्या माहितीच्या प्रकाराचा, आहे. बिल_वेळ हा रकाना डेटटाइम (तारीख आणि वेळ एकत्र) प्रकारचा आहे आणि त्याच्याशी तुलना करण्यासाठी '२०२५-०९-३०' या मजकुराचे रूपांतर डेटटाइममध्ये करावे लागते. वेळ दिलेली नसल्यामुळे डेटाबेस ती ००:००:०० धरतो. मग वरची मर्यादा ३० सप्टेंबरच्या सुरुवातीच्या क्षणाशी संपते आणि सकाळी दहाला फाडलेले त्या दिवसाचे बिल मर्यादेच्या बाहेर पडते.

हा दोष आधीची कित्येक वर्षे का दिसला नाही, हे सांगणे आवश्यक आहे, कारण अनेक ठिकाणी गोष्ट अशीच घडते. रकाना पहिल्यापासून डेटटाइमचाच होता. परंतु जुना प्रोग्रॅम त्यात फक्त तारीख भरत असे, म्हणून प्रत्येक बिलाची वेळ मध्यरात्रीची पडत असे आणि क्वेरी योग्य उत्तर देत असे. नव्या प्रोग्रॅमने खरी वेळ नोंदवायला सुरुवात केली आणि क्वेरीतले एक अक्षरही न बदलता तिचे उत्तर चुकू लागले. आपल्याकडे असे झाले आहे का, हे तपासण्यासाठी ज्या नोंदींमध्ये वेळेचा भाग शून्य नाही त्यांची महिनावार संख्या मोजावी. ती ज्या महिन्यापासून वाढलेली दिसेल, त्याच महिन्यापासून अहवाल चुकू लागलेले असतील. ओरॅकल हा डेटाबेस वापरणाऱ्यांनी विशेष सावध राहावे, कारण तिथे ‘डेट’ या नावाच्या डेटाटाइपमध्येही सेकंदापर्यंतची वेळ साठवली जाते आणि नावावरून ते मुळीच लक्षात येत नाही.

पहिला उपाय आणि त्याने वाढवलेला घोळ

वरच्या मर्यादेला दिवसाची शेवटची वेळ जोडावी, हा उपाय कोणालाही सर्वांत आधी सुचतो. माझ्या आधी ही क्वेरी हाताळणाऱ्या सहकाऱ्याने तेच केले आणि काळजीपूर्वक म्हणून मिलिसेकंदही लिहिले :

व्हेअर बिल_वेळ बिट्वीन '२०२५-०९-०१' अँड '२०२५-०९-३० २३:५९:५९.९९९'

सप्टेंबरची तूट नाहीशी झाली आणि तिच्या जागी वाढावा आला. एवढेच नव्हे, तर आधी जुळलेला ऑगस्टही आता वाढीव दिसू लागला. वाढाव्याची फोड केल्यावर असे आढळले की, तो संपूर्ण एकाच डेपोतून येत होता आणि त्या डेपोत अजून जुनाच प्रोग्रॅम चालू होता.

याचे कारण आमच्याकडच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसच्या डेटटाइम या डेटाटाइपच्या अचूकतेत आहे. तो वेळ सेकंदाच्या तीनशेव्या भागांत साठवतो, त्यामुळे मिलिसेकंदांच्या शेवटच्या स्थानी फक्त ०, ३ किंवा ७ येऊ शकतात. .९९९ ही किंमत त्याला साठवताच येत नाही. तो ती जवळच्या शक्य किमतीकडे नेतो आणि ती किंमत म्हणजे पुढच्या दिवसाचे ००:००:००.००० असते. म्हणून आमची वरची मर्यादा प्रत्यक्षात १ ऑक्टोबरची मध्यरात्र ठरली आणि ‘बिट्वीन’ टोक धरत असल्यामुळे नेमक्या त्या क्षणाची सर्व बिले सप्टेंबरमध्ये आली. जुन्या प्रोग्रॅमची १ ऑक्टोबरची प्रत्येक नोंद नेमकी त्याच क्षणाची होती. तीच बिले ऑक्टोबरच्या अहवालातही मोजली गेली, म्हणजे एक बिल दोन महिन्यांत दाखल झाले.

.९९७ लिहिले की काम भागते, असा सल्ला यावर अनेक जण देतात आणि डेटटाइमपुरता तो चालतोही. पण उद्या कोणी तो रकाना डेटटाइम२ प्रकारचा केला, तर तिथे सेकंदाच्या अपूर्णांकाला सात स्थाने मिळतात आणि .९९७ च्या पुढची बिले पुन्हा गळतात. स्मॉलडेटटाइम हा प्रकार तर मिनिटापर्यंतच अचूक असतो आणि २३:५९:५९ ही साधी वेळसुद्धा त्यात पुढच्या दिवशी ढकलली जाते. पोस्टग्रेसमध्ये अपूर्णांकाला सहा स्थाने मिळतात, तर ओरॅकलच्या टाइमस्टँपमध्ये नऊपर्यंत. मायएसक्यूएलमध्ये ५.६.४ या आवृत्तीपासून सहा स्थाने ठेवता येतात. मात्र स्थाने न सांगता केलेल्या रकान्यात अपूर्णांक भरला, तर तो नेहमीच्या सेटिंगनुसार जवळच्या पूर्ण सेकंदाकडे नेला जातो. दिवसाचा शेवटचा क्षण कोणता, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक डेटाबेसमध्ये आणि प्रत्येक डेटाटाइपमध्ये वेगळे असल्यामुळे तो क्षण शोधण्याच्या फंदात पडूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

टिकणारा उपाय

खालचे टोक धरावे, वरचे टोक वगळावे आणि वरचे टोक म्हणून पुढच्या पल्ल्याची सुरुवात लिहावी :

व्हेअर बिल_वेळ >= '२०२५०९०१' अँड बिल_वेळ < '२०२५१००१'

गणितात याला अर्धखुला पल्ला म्हणता येईल. सप्टेंबर तीस दिवसांचा की एकतीस, फेब्रुवारी लीप वर्षातला की साधा, सेकंदाचा कितवा भाग साठवला जातो, यांपैकी कशाचाही विचार इथे करावा लागत नाही. सप्टेंबरचा पल्ला जिथे संपतो नेमका तिथूनच ऑक्टोबरचा सुरू होतो आणि सीमेवरचा क्षण फक्त ऑक्टोबरचाच असतो. त्यामुळे कोणतेही बिल दोन्हींकडे जात नाही आणि दोन्हींतून सुटतही नाही. आर्थिक वर्ष हवे असल्यास '२०२५०४०१' पासून '२०२६०४०१' च्या आधीपर्यंत असे लिहावे.

वरच्या ओळीत तारखेतल्या आडव्या रेषा मी हेतुपुरस्सर काढल्या आहेत. एसक्यूएल सर्व्हरच्या डेटटाइममध्ये '२०२५-०९-०१' या लेखनाचा अर्थ लॉगिनच्या भाषेच्या सेटिंगवर अवलंबून असतो आणि ब्रिटिश इंग्रजी सेटिंग असल्यास ती तारीख ९ जानेवारी अशी वाचली जाते. सलग आठ अंकांचे लेखन सर्व सेटिंगमध्ये एकाच अर्थाने वाचले जाते.

अहवालाच्या स्क्रीनवर वापरकर्ता ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ अशा दोन तारखा निवडत असेल, तर त्याच्या दृष्टीने ‘पर्यंत’चा दिवस पल्ल्यात धरलेला असतो आणि त्याची ही समजूत बदलायला जाऊ नये. क्वेरीत पाठवताना त्या तारखेत एक दिवस मिळवावा आणि तुलना ‘<’ ने करावी. एसक्यूएल सर्व्हरमध्ये यासाठी डेटॲड, मायएसक्यूएलमध्ये डेट_ॲड आणि पोस्टग्रेसमध्ये इंटरव्हलची बेरीज वापरता येते. मिळवणी मर्यादेत करायची असते, रकान्यात नव्हे.

हा शेवटचा मुद्दा थोडा विस्ताराने सांगायला हवा, कारण दुसरा एक लोकप्रिय उपाय नेमका उलटा आहे. रकान्यालाच डेट किंवा ट्रंक फंक्शनमध्ये गुंडाळून त्याची वेळ काढून टाकायची आणि मग ‘बिट्वीन’ निर्धास्तपणे वापरायचे, असा तो उपाय आहे. उत्तर बरोबर येते. पण बिल_वेळ या रकान्यावर जो इंडेक्स (नोंदी लवकर शोधण्यासाठीची सूची) असतो, तो रकान्याच्या मूळ किमतींच्या क्रमाने रचलेला असतो. फंक्शन लावून तयार झालेल्या किमतींचा क्रम त्याला माहीत नसतो. म्हणून डेटाबेसला सामान्यतः प्रत्येक नोंद वाचून फंक्शन चालवावे लागते आणि काही हजार नोंदींवर झटपट चालणारी क्वेरी काही वर्षांच्या साठ्यावर रेंगाळू लागते. एसक्यूएल सर्व्हर डेटटाइमचे डेटमध्ये केलेले रूपांतर ओळखून इंडेक्स वापरू शकतो, हा अपवाद आहे. ओरॅकलमध्ये फंक्शनवर आधारित इंडेक्स करता येतो. तरीही जे काम मर्यादा नीट लिहून विनाखर्च होते, त्यासाठी जादा इंडेक्स सांभाळण्याचे कारण मला दिसत नाही.

यानंतरही फरक राहिला तर

डिसेंबरपासून रुग्णालयांच्या ऑनलाइन ऑर्डरी त्याच टेबलात येऊ लागल्या आणि नव्या क्वेरीनंतरही थोडासा फरक पुन्हा दिसला. त्या नोंदींची वेळ सर्व्हरने यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) साठवली होती. भारतीय प्रमाणवेळ यूटीसीच्या ५ तास ३० मिनिटे पुढे असल्यामुळे १ जानेवारीला मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत आलेली प्रत्येक ऑर्डर टेबलात ३१ डिसेंबरची दिसत होती. अशा नोंदींसाठी डिसेंबरचा पल्ला ३० नोव्हेंबर १८:३० पासून ३१ डिसेंबर १८:३० च्या आधीपर्यंत असा लिहावा लागतो. इथेही रूपांतर मर्यादांचे करावे आणि रकाना जसाच्या तसा ठेवावा. अमेरिकेतील किंवा इंग्लंडमधील कार्यालयासाठी हाच अहवाल काढणाऱ्यांनी दिवसाची लांबी चोवीस तास धरू नये, कारण तिथे घड्याळ पुढे-मागे करण्याच्या दिवशी ती तेवीस किंवा पंचवीस तासांची होते.

फरक थोडाथोडका नसून उत्तरात भलत्याच वर्षांच्या नोंदी येत असतील, तर तारखेचा रकाना मजकुराच्या स्वरूपात आहे का, हे पाहावे. दिवस आधी लिहिलेल्या तारखा मजकूर म्हणून ताडल्या, तर '०५/०२/२०१९' ही किंमत '०१/१०/२०२५' आणि '३१/१०/२०२५' यांच्या मध्ये पडते, कारण तुलना डावीकडून एकेक अक्षर घेऊन होते आणि वर्षापर्यंत पाळीच येत नाही. बिल क्रमांक मजकुरात असतील तर '९' हा '१०' पेक्षा मोठा ठरतो, तोही याच कारणाने. यावर क्वेरीत ठिगळ लावण्यापेक्षा रकान्याचा डेटाटाइप बदलणे हाच उपाय आहे.

टोकांचा क्रम उलटा झाल्यासही उत्तर चुकते. ‘बिट्वीन १०० अँड ५०’ या अटीत एकही नोंद बसत नाही आणि कोणती चूकही दाखवली जात नाही. पोस्टग्रेसमध्ये ‘बिट्वीन सिमेट्रिक’ लिहिल्यास तो टोके स्वतः लावून घेतो. शाळेतल्या गणिताच्या सवयीने कोणी ‘१० <= संख्या <= २०’ असे लिहिले, तर मायएसक्यूएल आणि एसक्यूलाइट ते निमूटपणे स्वीकारतात, पहिल्या तुलनेचे उत्तर ० किंवा १ असे काढतात आणि ते २० पेक्षा लहान आहे का हे तपासतात. ते अर्थातच नेहमीच लहान असते, म्हणून संख्या रिकामी नसलेली प्रत्येक नोंद अटीत बसते. पोस्टग्रेस अशी ओळ चालवायलाच नकार देतो, हे त्याचे उपकारच म्हणायचे.

टप्प्यांच्या टेबलातील फटी

वरचा घोळ तारखांपुरता नाही. त्याच वितरकाकडे बिलाच्या रकमेनुसार सवलत देणारे एक टेबल होते आणि त्यात ० ते ९९९९, १०००० ते २४९९९ असे टप्पे लिहिलेले होते. ९,९९९ रुपये ६० पैशांचे बिल यांपैकी कोणत्याच टप्प्यात बसत नव्हते आणि बिले आणि टप्पे यांची टेबले जोडणाऱ्या (जॉइन करणाऱ्या) क्वेरीतून ते बिलच नाहीसे होत होते. महाराष्ट्रातील घरगुती वीजबिलावर ० ते १००, १०१ ते ३०० असे टप्पे असतात आणि तिथे अडचण येत नाही, कारण बिलावर युनिट पूर्णांकात धरली जातात. पण दहावीच्या निकालात ४५ ते ५९ द्वितीय श्रेणी आणि ६० ते ७४ प्रथम श्रेणी असे टेबल कोणी केले, तर ५९.८० टक्के मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला श्रेणीच मिळणार नाही. टक्केवारी पूर्णांकात आणून फट बुजवण्याचा मोह टाळावा, कारण तसे केल्यास त्याला न मिळवलेली प्रथम श्रेणी मिळेल. वरचे टोक ५९.९९ करणेही .९९९ च्याच जातीचे आहे. टेबलात प्रत्येक टप्प्याचे फक्त खालचे टोक ठेवावे (३५, ४५, ६०, ७५) आणि मिळालेल्या किमतीपेक्षा जास्त नसलेल्या टोकांपैकी सर्वांत मोठे निवडावे. एकच टोक साठवले की दोन टप्प्यांमध्ये फट किंवा आच्छादन निर्माण होण्याची शक्यताच उरत नाही.

दरांच्या टेबलात मात्र ‘लागू_पासून’ आणि ‘लागू_पर्यंत’ असे दोन रकाने बहुधा असतात आणि चालू दराचा ‘लागू_पर्यंत’ नल, म्हणजे रिकामा, असतो. नलशी केलेल्या तुलनेचे उत्तर खरेही नसते आणि खोटेही नसते, त्यामुळे ‘बिट्वीन’ लावल्यास नेमका चालू दरच सापडत नाही. अट अशी लिहावी :

बिल_वेळ >= लागू_पासून अँड (लागू_पर्यंत इज नल ऑर बिल_वेळ < लागू_पर्यंत)

आमच्याकडे याची परीक्षा सप्टेंबरातच होणार होती. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आणि जुन्या दराच्या ओळीत ‘लागू_पर्यंत’ म्हणून २१ सप्टेंबर ही तारीख, अर्थात मध्यरात्रीच्या वेळेसह, भरली गेली. २१ तारखेच्या दिवसभरातील बिलांना त्यामुळे जुना दरही मिळाला नसता आणि नवाही. तो रविवार होता म्हणून आम्ही बचावलो. आता त्या रकान्यात २२ सप्टेंबर आहे आणि तुलना ‘<’ ने होते. पोस्टग्रेस वापरणाऱ्यांना ९.२ या आवृत्तीपासून पल्ल्यांचे स्वतंत्र डेटाटाइप मिळाले आहेत. त्यांत दोन टोके दिली की खालचे धरले जाते आणि वरचे वगळले जाते, तसेच एकाच औषधाचे दोन दर एकाच काळात लागू होऊ नयेत असे बंधनही टेबलावर घालता येते. इतर डेटाबेसमध्ये दोन पल्ले एकमेकांवर चढतात का, हे ‘पहिल्याची सुरुवात < दुसऱ्याचा शेवट’ आणि ‘दुसऱ्याची सुरुवात < पहिल्याचा शेवट’ या दोन अटी एकत्र लावून तपासावे.

पल्ला बिनचूक लिहूनही उत्तर चुकण्याचा एक प्रकार याच कामात पाहिला, तो इथे नोंदवतो. ग्राहक महाराष्ट्रातील आहे की बाहेरचा, हे कोणीतरी पिन कोड ४००००१ ते ४४५९९९ या पल्ल्यात आहे का, यावरून ठरवले होते. महाराष्ट्राचे पिन ४० ते ४४ ने सुरू होतात हे खरे आहे. पण गोव्याचे पिन ४०३ ने सुरू होतात आणि ते या पल्ल्याच्या मधोमध बसतात. परिणामी पणजीच्या ग्राहकाच्या बिलावर आंतरराज्य विक्रीवरच्या आयजीएसटीऐवजी राज्यांतर्गत विक्रीवरचे सीजीएसटी आणि एसजीएसटी लागत होते. ही अट दुरुस्त करण्याऐवजी आम्ही काढून टाकली आणि ग्राहकाच्या जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक वापरले. तिथे महाराष्ट्राचे २७ आणि गोव्याचे ३० असतात.

बदल केल्यानंतर तपासणीसाठी चार खोट्या नोंदी पुरतात : महिन्याच्या पहिल्या क्षणाची, शेवटच्या दिवशी दुपारची, शेवटच्या दिवसाच्या २३:५९:५९.९९७ ची आणि पुढच्या महिन्याच्या पहिल्या क्षणाची. पहिल्या तीन अहवालात आल्या पाहिजेत आणि चौथी येता कामा नये. त्यानंतर एप्रिलपासूनच्या प्रत्येक महिन्याची बेरीज स्वतंत्र काढून तिची एकूण बेरीज त्याच काळाच्या एकाच सलग पल्ल्याच्या बेरजेशी ताडावी. आमच्याकडे जुनी क्वेरी तूट दाखवत होती, .९९९ वाली वाढावा दाखवत होती आणि आताच्या क्वेरीत फरक शून्य येतो.